पपईचा प्रताप

आज सकाळी जांभळी नाक्यावरून कच्ची पपई आणली. किलोभर चिकनला दही, आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ चोळलं आणि वर चांगला चार चमचे पपईचा कीस. आई म्हणाली, "अगं, चमचाभर पुरे." ऐकतंय कोण! पाच तासांनी तव्यावर टाकलं तर तुकडे हाडावरून गळून नुसता लगदा. पपईतलं पपेन मांसातली प्रथिनं तोडतं. जून मटणाला ते ठीक, कोवळ्या चिकनला इतका वेळ कशाला?

फ्लॉवर-पनीरला मात्र वेगळ्या वाडग्यात चक्का, भाजलेलं बेसन, कसुरी मेथी लावून 30 मिनिटंच ठेवलं होतं. ते झकास! (मीठ शेवटी, नाहीतर पाणी सुटतं.)

नवरा चिकन चाखून म्हणाला, "खिमा मस्त झालाय." आई काही बोलली नाही. उरलेली पपई तेवढी उचलून फ्रीजमध्ये अगदी मागे सारली.