५८ सीसीची चायना चेन सॉ: हाफ इंजिन (पिस्टन-सिलिंडरची दुरुस्ती), स्क्विश आणि पोर्टिंग, आतापर्यंतचे काम

मशीन तीच, सांगली-मिरज-तासगाव पट्ट्यात जुनी द्राक्षबाग काढायला आणि बांधावरची बाभळ पाडायला सगळीकडे दिसणारी, २२ इंच बारची. स्टिकरवर ५८ सीसी लिहिलेले असते, पण सिलिंडर उतरवल्यावर आधी स्ट्रोक मोजावा. पिस्टन सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली असताना क्रँककेसच्या तोंडापासून व्हर्नियरने माप घेतले की फरक हाच स्ट्रोक. ४५.२ मिमी बोअरला स्ट्रोक ३६ मिमी भरला तर ५७.८ सीसी, ३४ भरला तर ५४.६, ३२ भरला तर फक्त ५१.३. या मशीनला ३६ भरला आहे. पुढचे सगळे डिग्रीचे हिशेब त्यावरच आहेत, त्यामुळे दुसऱ्या स्ट्रोकच्या मशीनला ते जसेच्या तसे लावू नका.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच. आपल्याकडे टू-स्ट्रोकचे पोर्टिंग (सिलिंडरमधली हवा-धुराची भोके, म्हणजे पोर्ट, घासून मोठी करणे) म्हटले की आरएक्स १०० चे आकडे पुढे येतात. त्या गाडीला इन्टेकमध्ये (हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या वाटेत) रीड व्हॉल्व्ह आहे, इथे इन्टेक उघडायचे-मिटायचे काम पिस्टनचा स्कर्ट (खालचा घेर) करतो. गाडीला गिअर आहेत आणि ट्यून केलेला लांब सायलेन्सर आहे. करवतीला नुसता डबा, आणि तिला लाकडात दाबून धरल्यावर ओढ हवी. आरएक्सइतका एक्झॉस्ट वर नेला की मशीन हवेत किंचाळते आणि बाभळीत बसते. या इंजिनात खरी कमाई गळती बंद करण्यात आणि स्क्विश (पिस्टन सगळ्यात वर असताना त्याच्या आणि हेडमधली फट) कमी करण्यात आहे. घासकाम त्यानंतर, तेही जपून.

उघडताना

सुरुवातीचे कॉम्प्रेशन १०५ पीएसआय होते. बाइकचे लांब नळीचे गेज वापरू नका. छोट्या चेंबरला नळीतली हवाही भारी पडते आणि आकडा कमी दिसतो. वन-वे व्हॉल्व्ह प्लगच्या टोकालाच असलेले गेज हवे. सांगलीत हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ६ टक्के कमी असतो, म्हणून मुंबईतल्या माणसाचे १६० आणि आपले १५० साधारण एकच समजावे.

क्लच सोडवायला पिस्टन अडवावा लागतो. एक्झॉस्ट पोर्ट मिटल्यानंतरच प्लगच्या भोकातून स्टार्टरची जुनी दोरी आत सोडावी. पोर्ट उघडा असताना दोरी सोडली तर ती पोर्टच्या कडेत सापडते. क्लचचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर तो सुटतो. मॅग्नेटचा (पंख्याच्या फ्लायव्हीलचा) नट मात्र सरळ आट्याचा. मॅग्नेटला पुलर लावावा, पंख्याच्या पात्यांवर हातोडी नको. एक पाते तुटले की बॅलन्स गेला.

सिलिंडरच्या एक्झॉस्ट बाजूला ॲल्युमिनियम चिकटले होते, म्हणजे हलका सीझ (पिस्टन सिलिंडरमध्ये अडकणे) येऊन गेलेला. इथे बरेच जण सिलिंडर उचलून बोअर मारायला लेथवाल्याकडे नेतात. तसे करू नका. आत कास्ट आयर्नचा स्लीव्ह नाही, ॲल्युमिनियमवर कडक मुलामा आहे. तो बोअरिंगमध्ये निघून गेला की उघड्या ॲल्युमिनियमवर रिंग टिकत नाही. चिकटलेला थर काढायला बाथरूमचे हायड्रोक्लोरिक ॲसिड कापसाच्या काडीने फक्त डागावर लावायचे. फेस येतो तोवर ॲल्युमिनियम विरघळत असते. फेस थांबला की पुसून परत लावायचे. पोर्टच्या कडेला उघडे ॲल्युमिनियम असते, तिथे ॲसिड गेले तर मुलाम्याखालचा धातू खाल्ला जातो. शेवटी खाण्याच्या सोड्याचे पाणी, मग साधे पाणी, लगेच तेल. हातमोजे घालून आणि उघड्यावरच. साफ झाल्यावर नख फिरवायचे: अडकले तर सिलिंडर बदला, नुसता डाग दिसत असेल तर चालेल.

बेअरिंगवरचा नंबर वाचून तोच घ्यावा, पण सी-३ क्लिअरन्सचा (आत थोडी जास्त फट असलेला). साधा घेतला तर केस गरम झाल्यावर घट्ट होतो. बसवताना केस दीडशे डिग्रीपर्यंत तापवावी आणि बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवलेले असावे, म्हणजे हाताने आत जाते. ठोकून बसवले तर गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात आणि थोड्याच दिवसांत आवाज सुरू होतो. कृष्णेच्या २०१९ किंवा २०२१ च्या पुरात बुडून निघालेली मशीन कोणी स्वस्तात देत असेल तर बेअरिंग आणि क्रँकचा कनेक्टिंग रॉड पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. बाहेरून धुऊन चकचकीत केलेल्या मशीनमध्ये रोलरवर गंजाचे ठिपके असतात, आणि त्या क्रँकवर पोर्टिंग करणे म्हणजे मेहनत वाया.

नवी रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तोंडाची फट मोजली, ०.२५ मिमी. ०.१८ च्या खाली असेल तर बारीक फाइलने घासावी लागते, नाहीतर गरम झाल्यावर टोके एकमेकांना भिडतात. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. गजन पिनची (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनची) लॉके नवीनच, आणि त्यांचे उघडे तोंड सरळ वर किंवा सरळ खाली. आडवे ठेवले तर पिस्टनच्या वर-खाली झटक्यांनी लॉक दबून सुटण्याचा धोका असतो, आणि सुटलेले लॉक सिलिंडर घेऊनच जाते. किटबरोबरची लॉके हाताने सहज दबत असतील तर ती फेकून द्या.

नव्या रिंगवर, जुन्याच पॅकिंगवर कॉम्प्रेशन १३० आले.

स्क्विश

दीड मिमीची मऊ सोल्डर वायर प्लगच्या भोकातून आत घालून थेट सिलिंडरच्या भिंतीला टेकवायची, आणि तीही गजन पिनच्या रेषेत, दोन्ही बाजूंना. एक्झॉस्ट-इन्टेकच्या रेषेत माप घेतले तर पिस्टन डुलतो आणि आकडा फसवतो. इंजिन दोरीने फिरवून दबलेले टोक मोजले: दोन्हीकडे १.०५ मिमी. सिलिंडरखालचे पॅकिंग ०.५ मिमीचे. ते काढून टाकले की फट ०.५५ उरते, आणि या आकाराच्या इंजिनाला ०.५ ते ०.५५ ठीक आहे. ०.४ च्या खाली जाऊ नये. फिरत्या वेगात रॉड ताणला जातो, बेअरिंगचा लूज मिळतो, आणि पिस्टन हेडला टेकतो.

पॅकिंग काढल्याने चेंबरमधले ०.८ सीसी कमी झाले. सिरिंजने तेल भरून मोजलेले चेंबर ७.४ सीसी होते, ते ६.६ झाले. कॉम्प्रेशन १५५.

पॅकिंगच्या जागी पेट्रोल सहन करणारे लिक्विड गॅस्केटच हवे. बाजारातला साधा लाल सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतो आणि सुटतो. थर अगदी पातळ लावावा. ट्रान्स्फरच्या (क्रँककेसमधून सिलिंडरमध्ये मिक्स नेणाऱ्या) वाटेत आलेला गोळा तुटून क्रँकमध्ये जातो.

सिलिंडर अर्धा मिमी खाली आला म्हणजे पोर्टच्या वेळाही सरकल्या. क्रँकवर डिग्री व्हील (अंशांची चकती) लावून आधी-नंतरचे आकडे असे: एक्झॉस्ट आधी टीडीसीनंतर (पिस्टन सगळ्यात वर असण्याच्या जागेनंतर) १०४ डिग्रीला उघडत होता, आता १०६. ट्रान्स्फर १२१ वरून १२३. इन्टेक टीडीसीच्या ७२ डिग्री आधी उघडत होता, आता साडेत्र्याहत्तर. टीडीसी डोळ्यांनी ठरवू नका. जुन्या प्लगची चिनी मातीची काडी काढून त्यात बोल्ट बसवला की पिस्टनला अडसर तयार होतो. दोन्ही बाजूंनी त्याला टेकवून दोन आकडे वाचायचे, मधोमध टीडीसी.

याच वेळी एक तपासणी विसरू नये. पिस्टन सगळ्यात वर असताना एक्झॉस्टमधून आत पाहायचे. स्कर्टच्या खालून क्रँककेसकडे फट दिसता कामा नये. सिलिंडर खाली आल्याने पोर्टचा तळही तेवढाच खाली येतो. फट दिसली तर क्रँककेसमध्ये ओढलेले मिक्स तिथूनच सायलेन्सरकडे गळते आणि मशीन मंद पळते. या पिस्टनला जवळपास ३ मिमी झाकण उरले आहे.

घासकाम

एक्झॉस्टचे छत ०.८ मिमी वर नेले. इथे एका डिग्रीला साधारण ०.२८ मिमी पडतात, म्हणजे १०६ वरून १०३. ट्रान्स्फर १२३ लाच ठेवला, त्यामुळे ब्लोडाउन (एक्झॉस्ट आणि ट्रान्स्फर उघडण्यातले अंतर) १७ वरून २० डिग्री झाला. ट्रान्स्फरचे वरचे तोंड घासायला काटकोनी हँडपीस लागतो. साध्या फ्लेक्सिबल शाफ्टने तिथे कोन मिळत नाही, आणि वाकडे घासण्यापेक्षा न घासलेले बरे. एक्झॉस्टची रुंदी २६ मिमीवरून २८ केली. बोअरच्या ६५ टक्के म्हणजे २९.४ मिमी ही हद्द. त्यापलीकडे रिंग पोर्टमध्ये डोके काढते. इन्टेकचा तळ ०.८ मिमी खाली घेतला, तिथे डिग्रीला ०.३२-०.३३ मिमी पडतात, म्हणून ७६ डिग्री. रिंगचे तोंड अडवणाऱ्या खिळ्याची जागा रुंद केलेल्या पोर्टवर येत नाही ना, हे घासण्याआधीच पिस्टन आत धरून पाहावे.

कार्बाइडचा बर सिलिंडरच्या आतून पोर्टकडे ढकलत चालवावा, म्हणजे मुलामा ॲल्युमिनियमवर दाबला जातो. उलटा चालवला तर पापुद्रा उचकटतो. पोर्टच्या कडा नंतर ४०० आणि ६०० च्या पॉलिश पेपरने गोल केल्या. एक्झॉस्टच्या वरच्या कडेला जास्त वेळ द्या, तिथेच रिंगचा घात होतो. पोर्टची आतली वाट आरशासारखी करण्याचा हट्ट निरर्थक आहे. कार्बन बसला की सगळे सारखेच. शेवटी गरम पाणी आणि कपड्याचा साबण लावून ब्रशने धुवावे. नुसत्या रॉकेलने बारीक पूड निघत नाही.

कॉम्प्रेशन १५० वर उतरले. एक्झॉस्ट उशिरा मिटतो, त्यामुळे हे अपेक्षितच.

सायलेन्सरच्या आतला पडदा तसाच ठेवला. बाहेरचे भोक १२ मिमीचे एकच होते (११३ चौमिमी), शेजारी तेवढेच दुसरे पाडले. एकूण २२६, म्हणजे एक्झॉस्ट पोर्टच्या सुमारे तीनशे चौमिमीच्या तीन चतुर्थांश. ठिणगीची जाळी काढू नका. फेब्रुवारी ते मे पाटण-जावळीच्या वाळल्या गवतात एका ठिणगीवर वणवा लागतो.

कॉइल आणि मॅग्नेटमधली फट ०.३ मिमी. मॅग्नेटची चावी घासून ठिणगीचे टायमिंग पुढे नेण्याचा मोह टाळला. कॉम्प्रेशन आधीच वाढले आहे, त्यात दोरी हात झटकायला लागते आणि फायदा नगण्य.

गळतीची परीक्षा

कार्बोरेटर लावण्याआधी ही झालीच पाहिजे. मिरजेच्या सर्जिकल दुकानांत बीपी मशीनचा रबरी फुगा आणि गेज सुटे मिळते. एक्झॉस्ट आणि इन्टेक सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने बंद करून प्लगच्या भोकातून पारा ३०० पर्यंत चढवायचा, म्हणजे ०.४ बार. पिस्टन खाली ठेवा, नाहीतर क्रँककेसपर्यंत दाब पोचणारच नाही. मिनिटभर काटा जागेवर राहिला पाहिजे. हलला तर साबणाचे पाणी. मग तेवढाच व्हॅक्यूम द्या. ऑइल सीलचे ओठ आतल्या दाबाने शाफ्टला घट्ट बसतात, व्हॅक्यूममध्ये उचलले जातात. दाबाला पास झालेले सील व्हॅक्यूमला नापास होते ते यामुळेच, आणि तिथून ओढलेली फुकट हवा मशीन सीझ करते. इथे मॅग्नेट बाजूचे सील असेच निघाले, बदलले.

इन्टेकच्या पॅकिंगमध्ये एक बारीक भोक असते, क्रँककेसचा दाब-ओढ त्यातून कार्बोरेटरच्या डायफ्रामपर्यंत जाते. पॅकिंग उलटे बसले की भोक झाकते आणि पेट्रोल चढत नाही. मग माणूस कार्बोरेटर खोलत बसतो.

पेट्रोल आणि स्क्रू

पंपावर आता ई-२० (२० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल) आहे. आपल्याच ऊसपट्ट्यातले इथेनॉल आपल्याच करवतीचे डायफ्राम कडक करते! शंभर मिली पेट्रोलमध्ये वीस मिली पाणी घालून हलवून ठेवले की खालचा थर चाळीस मिलीच्या जवळ जातो, तोच पाण्याने ओढलेला इथेनॉल. म्हणून मिक्स लागेल तेवढेच करावे, आणि काम झाल्यावर टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवावे. ई-२० ला हवेच्या मानाने सात-आठ टक्के जास्त पेट्रोल लागते. सायलेन्सर मोकळा केलेला, त्यात हे, म्हणजे जुन्या सेटिंगवर मशीन नक्की लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) जाणार.

रनिंग-इनला लिटरला ३१ मिली तेल (३२:१), पुढे ४०:१ म्हणजे २५ मिली. तेल जेएएसओ एफडी (टू-स्ट्रोक तेलाचा जपानी दर्जा) दर्जाचे. कार्बोरेटरचे एच (पूर्ण वेगाचा) आणि एल (कमी वेगाचा) दोन्ही स्क्रू हलके टेकवून सव्वा आटा बाहेर, तिथून सुरुवात. आधी एल: ॲक्सिलरेटर दाबल्यावर न अडखळता उचलले पाहिजे. आयडल २८०० ते ३००० आणि चेन जागेवर स्थिर. मग एच: पूर्ण ॲक्सिलरेटरला मोकळ्या हवेत आवाज घोगरा, तुटक आला पाहिजे आणि लाकडात घातल्यावर तो साफ झाला पाहिजे. मोकळ्या हवेतच सुरेल आवाज येत असेल तर मशीन लीन आहे. टॅकोमीटरवर १२,००० च्या वर जाऊ दिलेले नाही, या क्रँकची जात तेवढीच.

महाबळेश्वरला नेणार असाल तर सांगलीपेक्षा तिथली हवा आठेक टक्के विरळ आहे. इथले सेटिंग तिथे रिच (पेट्रोल जास्त) होते, धूर येतो, बाकी नुकसान नाही. धोका उलट्या प्रवासात आहे. वर एच आवळून काम केले आणि तसेच खाली आणून इस्लामपूरच्या उन्हात बाभळीत घातले, तर पिस्टन गेलाच. आवळलेला पाव आटा घाट उतरल्यावर आधी परत सोडा.

आत्ताची स्थिती: प्लगची चिनी माती चहाच्या रंगाची, पिस्टनच्या डोक्यावर ट्रान्स्फरसमोर धुतलेले दोन ठसे सारखे. सिलिंडरचे बोल्ट गरम-थंड झाल्यावर पुन्हा आवळले, त्यातला एक थोडा फिरला. पुढच्या उघडणीत एक्झॉस्टच्या वरच्या कडेला मुलामा कसा टिकला आहे आणि रिंगवर उभे ओरखडे आहेत का, एवढेच पाहायचे आहे. ते ठीक असले तर इन्टेक ७८ पर्यंत नेऊ, एक्झॉस्ट आहे तिथेच राहील.