टपालपेटीवरचं नाव

गेल्या महिन्यात एक सरकारी पत्र आमच्या इमारतीपर्यंत येऊन परत गेलं. पाकिटावर माझं माहेरचं आडनाव होतं आणि खाली टपालपेटीवर फक्त सासरचं. इथे फ्रान्समध्ये पोस्टमन पेटीवरचं नाव बघून टपाल टाकतो. नाव जुळलं नाही की पत्र आल्या पावली माघारी. त्यात माझ्या आरोग्य विम्याचे कागद होते, तीन महिने वाट पाहिलेले.

मी विम्याच्या कार्यालयात गेले आणि गेली चौदा वर्षं लावतेय ते नाव सांगितलं. खिडकीतल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "हे तुमच्या नवऱ्याचं झालं. तुमचं कुठलं?"

मला खूप राग आला. फ्रान्समध्ये १७९४ च्या कायद्यापासून माणसाचं नाव म्हणजे जन्मदाखल्यावर असेल ते. लग्नानंतर बाईला नवऱ्याचं आडनाव लावता येतं, पण ते नुसतं वापरायचं नाव, दप्तरी जन्माचंच. आपल्याकडचा गुंता तुम्हाला सांगायला नको. माझं तर पहिलं नावही बदललं. पाळण्यातलं नाव जन्मदाखल्यावर, तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं पासपोर्टवर, आणि मधे बाबांच्या जागी नवऱ्याचं. या दोन्ही बाया म्हणजे मीच, हे पटवायला विवाह नोंदणीच्या दाखल्याचं अधिकृत भाषांतर करून घ्यावं लागलं. एका अक्षराचा फरक निघाला म्हणून तेही दोनदा, दोन्हीदा पैसे मोजून. ताटातलं नाव माझ्यावर कुणी लादलं नव्हतं. सासूबाईंनी हौसेनं शोधलं होतं आणि मला ते आवडलंही होतं. खिडकीतल्या बाईंना हे सांगायचं होतं, पण तेवढं फ्रेंच जमलं नाही.

फ्रेंचच्या वर्गात मी ही तक्रार केली. शिकवणाऱ्या बाईंनी ऐकून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात कोलेत या फ्रेंच लेखिकेचं 'सिदो' हे आईवडिलांच्या आठवणींचं पुस्तक माझ्या हातात ठेवलं. म्हणाल्या, सावकाश वाच.

कोलेत म्हणजे सिदोनी-गाब्रिएल कोलेत. १८७३ साली बुर्गोन्यमधल्या सँ-सोव्हर गावी जन्मली. विसाव्या वर्षी तिचं लग्न ऑन्री गोतिए-व्हिलार या पॅरिसमधल्या संगीत समीक्षकाशी झालं. तो तिच्याहून जवळजवळ चौदा वर्षांनी मोठा. 'विली' या नावानं तो पुस्तकं छापायचा, पण लिहायला माणसं दुसरीच. त्यानं बायकोला शाळेतल्या आठवणी लिहायला बसवलं, वाचून निरुपयोगी म्हणून खणात टाकल्या, आणि काही वर्षांनी त्या पुन्हा हाताला लागल्यावर प्रकाशकाकडे धावला. १९०० मध्ये 'क्लोदीन शाळेत' ही कादंबरी आली. मुखपृष्ठावर लेखक: विली. पुस्तक तुफान खपलं. मग दरवर्षी एक, अशा आणखी तीन क्लोदीन तिनं लिहिल्या आणि त्यानं सह्या केल्या. लिहून व्हावं म्हणून तो मला खोलीत कोंडायचा, असं तिनं पुढे नोंदवलं आहे. क्लोदीनच्या नावानं अत्तर निघालं, सिगारेटी निघाल्या. लेकीचा फ्रॉक घ्यायला गेले तर दुकानात गोल कॉलरला आजही 'क्लोदीन कॉलर' म्हणतात. वेगळे झाल्यावर, १९०७ मध्ये, त्यानं त्या कादंबऱ्यांचे हक्क तिला न विचारता विकूनही टाकले.

वर्गातली एकजण मला मायेनंच म्हणाली होती, तुमच्याकडे बाईला स्वतःचं नावसुद्धा ठेवता येत नाही का? त्या दिवशी गप्प बसले. आता सांगते. १७९४ चा कायदा असतानाही कोलेतचं नाव तिच्याच पुस्तकावर नव्हतं. नवऱ्याच्या परवानगीशिवाय नोकरी करण्याची आणि बँकेत खातं उघडण्याची मुभा फ्रेंच बायकांना १९६५ मध्ये मिळाली. आपल्याकडे बाळूताई खरे यांनी १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावानं छापला. पण ते टोपणनाव त्यांनी स्वतः घेतलं होतं, आणि हा फरक मला फार मोठा वाटतो.

कोलेतला स्वतःच्या नावापर्यंत यायला तेवीस वर्षं लागली. १९०४ मध्ये 'कोलेत विली'. १९२३ मध्ये 'कोवळं पीक' या कादंबरीवर पहिल्यांदा नुसतं 'कोलेत'. १९५४ मध्ये ती गेली तेव्हा फ्रेंच प्रजासत्ताकानं पहिल्यांदाच एका स्त्रीला सरकारी इतमामात निरोप दिला, तो या नावानं.

आणि हे नाव कुणाचं? वडिलांचं आडनाव. 'सिदो'मधला तो भाग मी शब्दकोश घेऊन तीनदा वाचला. कॅप्टन कोलेत १८५९ च्या लढाईत डावा पाय गमावून आलेले, गावात करवसुली करायचे. कपाटात वरच्या फळीवर त्यांच्या हातची, छान बांधलेली जाडजूड पुस्तकं होती. पाठीवर सुबक अक्षरात नावं: माझ्या मोहिमा, डौलदार बीजगणित, झुआव्ह शिपायांची गाणी. ते गेल्यावर घरच्यांनी ती उघडली. शेकडो पानं, सगळी कोरी. एका पानावर फक्त अर्पणपत्रिका, बायकोला, आणि खाली पूर्ण नाव: ज्यूल-जोझेफ कोलेत. मुलानं त्या कागदांवर औषधांच्या चिठ्ठ्या लिहिल्या, आईनं मुरंब्याच्या बरण्या झाकल्या, नातींनी पानं फाडून गिरगटली, तरी कागद संपेना. सुरुवातीच्या काळात लेकीनंही त्यातलाच कागद घेतला.

बाबांनाही लिहायचं होतं. माझे बाबा. साताऱ्याच्या घरात त्यांच्या तीन डायऱ्या आहेत, आत फक्त दूधवाल्याचे हिशेब.

टपालपेटीवर मी दुसरी पट्टी लावली. वर पाळण्यातलं नाव आणि बाबांचं आडनाव, खाली रोजचं. दोन्ही ठेवलीत. फोटो आईला पाठवला. मला वाटलं, म्हणेल सासूबाईंना काय वाटेल. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझं पाळण्यातलं नाव तिकडच्या अक्षरात कसं लिहितात गं?"

आता ते नाव फक्त मामा घेतो. मी कागदावर लिहिलं, मोठ्या अक्षरात, आणि पाठवलं.