बेडची वरची प्लेट, नोंद ३: स्क्रूची डोकी पृष्ठभागाशी सपाट

काम कुठवर आलंय ते आधी. ६०६१-टी६ या अॅल्युमिनियमची ३ मिमी प्लेट १० मिमी जाडीच्या पट्ट्यांवर २४ एम४ (४ मिमी व्यासाच्या) काउंटरसंक, म्हणजे खालून उतरत्या डोक्याच्या, अॅलन स्क्रूंनी बसवायची आहे. भोकं सगळी झाली, काउंटरसिंक (डोकं बुडावं म्हणून भोकाच्या तोंडाशी पाडलेला उतार) १८ जागी झालं. खालच्या १.५ मिमी कव्हरमधले आठ एम३ क्लिंच नटही (पत्र्याच्या भोकात दाबून पक्के बसवायचे नट) दाबून झाले. प्लेटवरून जॉब (कामाचा तुकडा) सरकणार असल्यामुळे एकही डोकं वर आलेलं चालणार नाही.

९० अंशांच्या काउंटरसिंकमध्ये टूल ०.१ मिमी जास्त खाली गेलं की तोंडाचा व्यास ०.२ मिमीने वाढतो. म्हणून खोलीच्या मागे लागू नका, व्हर्नियरने तोंडाचा व्यास मोजा. चूक तिथे दुप्पट मोठी दिसते. एम४ चं डोकं साधारण ८ मिमी असतं, पण त्याच्या कडेला उतार संपून एक बारीक सरळ पट्टी असते. त्यामुळे तोंड बरोबर ८.० ठेवलं तर डोकं किंचित वर राहतं. या लॉटला ८.४ जमलं. लॉट बदलला की आधी भंगार तुकड्यावर एक भोक करून बघायचं, कारण डोक्यांचे व्यास सारखे येत नाहीत.

प्लेटची जाडीही याच हिशेबाने ठरते. तोंडाच्या ८.४ मधून भोकाचे ४.३ वजा करून निम्मं केलं की उतार २.०५ मिमी खोल, म्हणजे ३ मिमीत खाली ०.९५ ची सरळ भिंत उरते. २ मिमी पत्र्यात हाच स्क्रू घातला तर उतार आरपार जातो, खाली सुरीसारखी धार होते आणि स्क्रूचं डोकं पत्र्याला आवळायच्या आधीच खालच्या पट्टीवर टेकतं. तिथे एम३ कडेच वळावं.

क्रम महत्त्वाचा. साध्या, सपाट बुडाच्या डोक्याच्या सॉकेट स्क्रूला भोक थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं. काउंटरसंक डोकं मात्र स्वतःच मधे जाऊन बसू पाहतं आणि दोन स्क्रू एकमेकांविरुद्ध ओढू लागतात. म्हणून प्लेट आणि पट्टी क्लॅम्पने एकत्र पकडून ३.३ चं ड्रिल दोन्हींतून एकदम. मग वेगळं करून प्लेटमधलं भोक ४.३ ला मोठं, पट्टीत एम४ चे आटे. टॅपला (आटे पाडायच्या हत्याराला) रॉकेलचे दोन थेंब, अर्धा फेरा मागे. आटे पाडताना चुरा अडकू दिला की टॅप तुटतो, आणि अॅल्युमिनियममधून तुटलेला टॅप काढणं हा वेगळाच छळ.

काउंटरसिंक करताना कडेवर पाकळ्यांसारखे चरे उठत असतील तर जवळजवळ नेहमी वेग जास्त आणि दाब कमी असतो. बेंच ड्रिल मिनिटाला ४०० फेऱ्यांच्या आसपास आणायचं, ठाम दाब द्यायचा, तळाशी क्षणभरच थांबायचं. ८.३ चं टूल इथे अपुरं पडतं, १०.४ चं घ्या. डेप्थ स्टॉप लावल्याशिवाय सुरुवात नको.

तपासणीसाठी डोक्याच्या उतारावर मार्कर फिरवा, स्क्रू हलका बसवा, काढून बघा. शाई सगळीकडून सारखी पुसली असेल तर ठीक. अर्धचंद्रासारखी पुसली असेल तर काउंटरसिंक तिरकं आहे किंवा भोकाच्या मधोमध नाही. फक्त वरच्या काठाशी पुसली असेल तर टूलचा कोन लहान, बहुधा ८२ अंशांचं कुणीतरी डब्यात मिसळलंय. एक-दोन जागी डोकं ०.२ मिमी खाली गेलंय. ताकदीला धक्का नाही, फक्त खळग्यात चुरा साचेल. त्यासाठी एम५ वर जाऊ नये: ५.३ चं भोक आणि १०.४ चं तोंड धरलं तर खाली ०.४५ मिमीच उरतं.

काउंटरसंक स्क्रूची लांबी डोक्यासकट मोजतात. एम४ × १२ मधले ३ मिमी प्लेटमध्ये, ९ मिमी पट्टीत. अॅल्युमिनियममध्ये व्यासाच्या दुप्पट आटे मिळाले की पुरतं. अॅलन की २.५ ची, खाच उथळ, त्यामुळे १.५ न्यूटन-मीटरच्या पुढे गेलात तर आट्यांआधी खाचच गोल होते. शिवाय मध्यम ताकदीचा थ्रेड-लॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद).

क्लिंच नटचं गणित उलटं. एम३ ला भोक ४.२५, वर फक्त ०.०८ ची सूट. नुसतं ४.३ चं ड्रिल सहज ४.३५ पाडतं आणि नट गरगर फिरतो. ४.१ चं ड्रिल, मग ४.३ चा रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार). आणि इथे कड मोडायची नाही! कडेचंच धातू नटच्या खाचेत वाहून जाऊन त्याला पकडतं, ते आधीच काढलं तर पकडायला उरतं काय? हातोडा नको, आर्बर प्रेसमध्ये सरळ दाब. नटचा खांदा पत्र्याला टेकला की थांबा. पुढे दाबलं तर पत्रा वाकतो आणि आटे आवळतात. पत्र्याच्या मागच्या बाजूला बोट फिरवलं तर काहीच लागत नाही, १.४ मिमी पत्र्यासाठीचा नट १.५ मध्ये पुरता बुडतो. स्क्रू नटच्या विरुद्ध बाजूने यायला हवा, म्हणजे आवळताना नट पत्र्यात आणखी खेचला जातो.

कव्हर तसंच ठेवायचं असल्याने नट आधी दाबले. अॅनोडाइझ (आम्लात विजेने ऑक्साइडचा थर चढवणं) करायचं असतं तर नट नंतरच, कारण आम्लाच्या टाकीत स्टीलचा नट टिकत नाही. वरच्या प्लेटची उरलेली सहा काउंटरसिंक झाली की ती अॅनोडाइझिंगला.