नांदूर मध्यमेश्वरचा गाळ

जानेवारीतल्या एका सकाळी कोपरगावकडच्या सातवीच्या मुलांच्या सहलीबरोबर नांदूर मध्यमेश्वरला जाण्याचा योग आला. या मुलांच्या शेतांना गोदावरीच्या कालव्याचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या मिळत आले आहे. मात्र ते जिथून सुटते, तो निफाड तालुक्यातला बंधारा त्यांच्यापैकी एकानेही पाहिलेला नव्हता. म्हणूनच बाईंनी पक्षी दाखवण्याआधी मुलांना बंधाऱ्यावर नेले, हे मला फार योग्य वाटले.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा हा बंधारा शंभराहून अधिक वर्षे जुना आहे. बाईंनी एक ताडपत्री काढली, आठ मुलांना तिच्या कडा धरायला सांगितल्या आणि म्हणाल्या, "बाळांनो, तुमचे हात म्हणजे सह्याद्रीचे डोंगर." एका मुलीच्या हाताशी ब्रह्मगिरी आला. मग सगळ्या कडांवरून मूठमूठ माती आणि तांब्याभर पाणी सोडले, तेव्हा गढूळ ओहोळ मधल्या घडीत एकत्र आले आणि पाणी थबकले तिथे माती बसली. एका मुलाने हात जरा खाली केला मात्र, पाणी त्याच्या पायावर सांडले. "ही पाणलोटाची सीमा," बाई म्हणाल्या. पुस्तकातली व्याख्या मुलांना इतकी नेमकी कळल्याचे मी क्वचितच पाहिले आहे.

बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे असाच गाळ साचला, त्यातून उथळ पाणी, बेटे आणि पाणकणसांची दलदल तयार झाली, आणि त्यामुळेच पक्षी येऊ लागले. १९८६ मध्ये येथे अभयारण्य झाले. २०२० मध्ये ही जागा महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली. चापडगावच्या मनोऱ्यावरून दुर्बिणीत जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्याचा देठ पायात धरून सोलताना दिसली, तेव्हा रांगेतली ढकलाढकली आपोआप थांबली. काठालगतची जलपर्णी पाहून मात्र मन खिन्न झाले; वरच्या गावांचे सांडपाणी नदीत येत राहील तोवर ती केवळ उपसून संपणार नाही.

परतताना गाडीत वाद रंगला. एक मुलगा ठामपणे म्हणाला, "गाळ काढलाच पाहिजे, नाहीतर पाणी साठणार कुठे? आमचा ऊस वाळेल." त्यावर मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "मग त्या कोंबड्या उभ्या कुठे राहतील?" दोघांनीही बाईंकडे पाहिले. बाईंनी उत्तर दिले नाही. दोन्ही वाक्ये वहीत लिहून घ्यायला सांगितली.