शिडीवरची बाई

२०२१च्या उन्हाळ्यात मी धारावीत कोरोनाच्या लशीसाठी नावं लिहून घेत फिरायचे. एका खोलीच्या लोखंडी शिडीवर, वरून तिसऱ्या पायरीला, कडेवर पोर घेतलेली बाई उभी होती. म्हणाली, “दीदी, इसमें सूअर की चरबी है ना?” मोबाइलवर आलं होतं तिला. पोटमाळ्यावर सासरे, सत्तरीच्या पुढचे, शुगरवाले. मी तीनदा गेले. तिसऱ्या खेपेला चहा मिळाला, पण म्हातारे खाली उतरले नाहीत.

त्याच्या आदल्या वर्षी, १२ मार्च २०२०ला, चीनच्या परराष्ट्र खात्याचे प्रवक्ते चाओ लिजियान यांनी ट्विटरवर लिहिलं होतं की वुहानला ही साथ अमेरिकन सैन्यानेच आणली असेल. आमचे भाऊजी तेव्हा भयंकर चिडले होते. जे ट्विटर चीनमध्ये २००९पासून बंद आहे, तिथे यांचा सरकारी माणूस जगाला खोटं सांगतो! भाऊजींचं बरोबर होतं. मीही चिडले होते.

मग जून २०२४मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेची बातमी आली. अमेरिकन सैन्याने फिलिपिन्समधले लोक असल्याचं भासवून ट्विटरवर निदान ३०० खाती चालवली होती. चिनी लस, मास्क, चाचणीचे किट, सगळ्याबद्दल संशय पेरायचा, तोही तिथल्या लोकांच्याच भाषेत. हे २०२१च्या मध्यापर्यंत चाललं, म्हणजे मी शिडीखाली उभी होते तेव्हाही. पुढची ओळ वाचून माझे हात थरथरले. मध्य आणि पश्चिम आशियातल्या मुसलमानांना सांगितलं जात होतं की चिनी लशीत डुकराचा अंश आहे.

चिनी लस आपल्याकडे नव्हतीच. त्या बाईचा मेसेज अमेरिकन सैन्याचा होता, असंही मी म्हणत नाही. पण तिचा चेहरा मी पाहिलाय. तसाच चेहरा करून तिकडेही कुणीतरी आपल्या म्हाताऱ्याला घरीच ठेवलं असेल.

बातमी भाऊजींना दाखवली. म्हणाले, “अगं, चीनची जिरवली त्यांनी!”

आपला तो बाब्या, ही म्हण मला लहानपणापासून पाठ आहे. पण अमेरिका भाऊजींची कधीपासून झाली? मी आवाज चढवून विचारलं, “मग मी त्या बाईला काय सांगायचं होतं, भाऊजी? कुणाचं खोटं चालेल ते?”

त्यांनी फोन मला परत दिला. माझी तेव्हाची वही कपाटात आहे. त्या सासऱ्यांच्या नावापुढे पेन्सिलीने लिहिलंय, ‘पुन्हा जाणे’.