प्रयोग करायला आमचीच म्हातारी गावली व्हय?

हा प्रश्न मला भुलीसाठी फिटनेस तपासतात त्या खोलीत विचारतात, वॉर्डात विचारतात, लग्नाच्या पंगतीतही विचारतात. चंदगड-राधानगरीकडचा माणूस सरळ तोंडावर विचारतो. कोल्हापूर शहरात राजारामपुरीतला शिकलेला जावई "यात रिस्क काय असते, मॅडम?" असं जरा आडून विचारतो. प्रश्न एकच. आजीच्या खुब्याचं हाड मोडलंय, उद्या शस्त्रक्रिया आहे, आणि ही भूलतज्ज्ञ बाई चार पानी कागद पुढे करून "अभ्यासात भाग घ्याल का?" म्हणतेय. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं सांगते.

हो, प्रयोगच आहे. "तसं काही नाही हो, नुसती माहिती गोळा करतोय" असं म्हणून सही घेणारे असतात, ते तुम्हाला फसवतात. दोनपैकी कोणती पद्धत आजींच्या वाट्याला येणार हे संगणकाने आधीच काढलेल्या यादीवरून ठरतं, माझ्या मनावरून नाही. हे ऐकून तुम्ही दचकता त्याचं मला काही वाटत नाही. मनाला लागतं ते तुमचं पुढचं वाक्य: "त्यापेक्षा नेहमीचं करता तेच करा की." नेहमीचं म्हणजे तपासलेलं, असं तुम्ही धरून चालता.

रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नाही, हे वर्षानुवर्षं नेहमीचंच होतं. शस्त्रक्रिया दुपारी दोनला असली तरी म्हातारी माणसं घसा कोरडा घेऊन पडून राहायची. साधं पाणी शस्त्रक्रियेच्या २ तास आधीपर्यंत चालतं हे अभ्यास करूनच कळलं. (दूध चालत नाही. गंगावेशीतून आणलेलं धारोष्ण दूध प्रेमाने पाजलंत, तर शस्त्रक्रिया किमान ६ तास पुढे जाते.) त्यात नुकसान तहानेचं होतं. दुसऱ्या एका नेहमीच्या गोष्टीत माणसं गेली, आणि ती जरा सविस्तरच सांगायला हवी.

मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल या गोळ्या तुमच्यापैकी अनेकांच्या घरात असतील. त्यांनी नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, हृदयावरचा भार कमी होतो. मोठ्या शस्त्रक्रियेच्या ताणात नाडी १२०-१३० वर जाते, हृदयाच्या स्नायूला ऑक्सिजन पुरत नाही आणि झटका येतो. मग ताण येण्याआधीच नाडी आवरून धरली तर? विचार इतका सरळ होता की त्यात खोट दिसत नव्हती. १९९६ मध्ये अमेरिकेतून अटेनोलॉलचा २०० रुग्णांचा अभ्यास आला, १९९९ मध्ये नेदरलँड्समधून याच जातीच्या बायसोप्रोलॉलचा ११२ रुग्णांचा. या दुसऱ्यात गोळी न मिळालेल्यांपैकी ३४ टक्क्यांना झटका आला किंवा हृदयविकाराने मृत्यू आला. गोळी मिळालेल्यांत हेच प्रमाण ३.४ टक्के. दहापट फरक, तोही शंभरेक माणसांत. एवढा फरक दिसला की आधी शंका यायला हवी. पण गोळी मार्गदर्शक सूचनांत गेली आणि धोक्याच्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी ती नव्याने सुरू होऊ लागली. त्यासाठी कोणी चार पानी कागदावर सही मागितली नाही. तो उपचार होता ना.

मग पॉइझ नावाचा अभ्यास झाला. २३ देशांतली १९० रुग्णालयं, त्यांत भारतातलीही, आणि हृदयाखेरीज इतर शस्त्रक्रियांचे ८,३५१ रुग्ण. अर्ध्यांना शस्त्रक्रियेच्या २ ते ४ तास आधी मेटोप्रोलॉलची सावकाश विरघळणारी १०० मिलिग्रॅमची गोळी आणि पुढे ३० दिवस तेच औषध. उरलेल्या अर्ध्यांना हुबेहूब तशीच, पण औषध नसलेली गोळी. २००८ मध्ये निकाल छापून आला. झटके गोळीच्या गटात १७६, दुसऱ्या गटात २३९. म्हणजे विचार बरोबर होता, झटके खरंच कमी झाले. इथेच वही मिटली असती तर आजही मी आजींना ती गोळी दिली असती. पण त्यांनी मृत्यूही मोजले होते: गोळीच्या गटात १२९, दुसऱ्यात ९७. पक्षाघात: ४१ आणि १९. हजार रुग्णांमागे १५ झटके टळले, आणि ८ माणसं जास्त दगावली.

का, ते समजून घ्या. शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री आत कुठेतरी रक्त झिरपत असतं, किंवा जंतुसंसर्ग रक्तात उतरत असतो. अशा वेळी शरीर पहिल्यांदा नाडी वाढवतं आणि मेंदूपर्यंत रक्त पोचवत राहतं. गोळीने नेमका तोच मार्ग बंद केला. शिवाय वाढलेली नाडी हाच आम्हाला मिळणारा पहिला इशारा असतो, तोही गेला. मॉनिटरवर नाडी ७२, सगळं शांत दिसतंय, आणि वरचा दाब ८५ वर आलाय. वयाने अरुंद झालेल्या धमन्यांमधून तेवढ्या दाबाने रक्त पुढे जात नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे त्या प्रयोगात माणसं मेलीच की. मेली. १२९ वजा ९७, बत्तीस. यादीत त्यांच्या नावापुढे औषधाची गोळी आली, दुसरं काही नाही. त्या १२९ मधली नेमकी कोणती बत्तीस, हे कोणालाच सांगता येणार नाही. पूर्वी मी इथे घाईने पुढचं वाक्य टाकायचे: अभ्यासाबाहेर, सही न घेता, न मोजता हीच गोळी मिळाल्याने किती गेले असतील त्याचा विचार करा. तो हिशेब मला आजही खरा वाटतो. या अभ्यासामुळेच नव्याने गोळी सुरू करण्याची ती पद्धत मागे पडली. पण ज्या घरातलं माणूस त्या बत्तिसांत होतं, त्या घरासमोर हा हिशेब मांडायची माझी हिंमत होणार नाही. फायदा पुढच्यांना झाला आणि किंमत त्यांनी दिली. सही त्यांनी समजून केली होती, एवढंच मी म्हणू शकते. म्हणून त्या सहीबाबत मी इतकी हट्टी आहे.

आणि ही बाजूही ऐका. नेदरलँड्समधल्या ज्या अभ्यासमालिकेवर एवढा विश्वास ठेवला गेला, तिच्या प्रमुख संशोधकाला २०११ मध्ये रॉटरडॅमच्या विद्यापीठाने काढून टाकलं. चौकशीत रुग्णांची लेखी संमती न घेणं आणि बनावट माहिती वापरणं, दोन्ही समोर आलं. संशोधकांवर डोळे झाकून विश्वास ठेवा असं मी तुम्हाला कधीच म्हणणार नाही.

(घरी मेटोप्रोलॉल, अटेनोलॉलसारखी गोळी आधीपासून चालू असेल, तर हे वाचून बंद करू नका. अचानक थांबवली की नाडी उसळते. शस्त्रक्रियेच्या सकाळीही ती घोटभर पाण्याबरोबर घ्यायची असते, आणि आम्हाला तसं सांगायचं.)

आजींच्या बाबतीत आम्ही काय करतो ते सांगते. कमरेत भूल दिली की रक्तदाब उतरतो, म्हाताऱ्या माणसांत जास्तच. तो वर आणायला दोन औषधं वापरात आहेत, मेफेंटरमाइन आणि फेनिलएफ्रिन. समजा, या वयात कोणतं बरं हे पाहायचंय. फेनिलएफ्रिनच्या अँप्यूलमध्ये १ मिलीत १० मिलिग्रॅम औषध असतं आणि एका वेळी द्यायचं असतं ५० ते १०० मायक्रोग्रॅम. म्हणून ती १ मिली १०० मिली सलाईनमध्ये मिसळायची. मग प्रत्येक मिलीत १०० मायक्रोग्रॅम येतं. मेफेंटरमाइन मिलीला ६ मिलिग्रॅम असं करून घ्यायचं, म्हणजे दोन्ही सिरिंज सारख्याच दिसतात. हे काम टेबलापाशी नसलेला दुसरा भूलतज्ज्ञ करतो. सिरिंजवर फक्त अभ्यासाचा क्रमांक असतो, त्यामुळे देणाऱ्यालाही औषध माहीत नसतं. चूक होते ती विरळ करताना. १०० मिलीऐवजी १० मिलीत मिसळलं, तर दहापट औषध जातं, रक्तदाब भडकतो आणि नाडी ४० पर्यंत उतरू शकते. म्हणून दोघांनी तपासून सही करायची, आणि औषधाचं नाव असलेलं बंद पाकीट थिएटरमध्येच ठेवायचं. काही बिघडलं की पाकीट फोडायचं. तिथे अभ्यास थांबतो, आजी आधी.

"नंबर कशाला, एक दिवस हे औषध, एक दिवस ते द्या की" असं आमचे सर्जनही म्हणतात. उद्या कोणतं औषध आहे हे आधी कळलं, की नाजूक रुग्ण नकळत परवावर ढकलला जातो. मग गट सारखे राहत नाहीत आणि निकालाला अर्थ उरत नाही. म्हणूनच यादी आणि आरपार न दिसणारी पाकिटं.

तुमच्या संशयात तथ्य आहे अशी एक जागाही आहे. एम.डी.च्या प्रबंधासाठी प्रत्येकी ३० जणांचे दोन गट करून भूल किती मिनिटं टिकली ते मोजणारे अभ्यास राज्यभर होतात. नव्या मुलांना शिकायला ते ठीक. पण त्यातून जगण्यामरण्याबद्दल काही कळत नाही. १० टक्क्यांवर असलेली गुंतागुंत ७ टक्क्यांवर येते का, एवढं पाहायलाही प्रत्येक गटात सुमारे १,३५० माणसं लागतात. एका रुग्णालयाचं ते कामच नाही. तेव्हा "हा अभ्यास केवढा आणि कशासाठी?" असं जरूर विचारा.

आणखी विचारा: आचार समितीची परवानगी आहे का? त्या समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो, आणि तिच्यात डॉक्टर नसलेला सामान्य माणूसही असतो. सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला क्रमांक मागा. २०१८ च्या एप्रिलपासून ती नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधीच करावी लागते, आणि कोणालाही ती मोबाइलवर पाहता येते. सही केलेल्या कागदाची प्रत मागा. अंगठा उठवणार असाल, तर ज्याचा अभ्यासाशी संबंध नाही असा साक्षीदार हवा. थिएटरच्या दाराशी, स्ट्रेचरवर कोणी सही मागितली तर देऊ नका. ते आदल्या दिवशी व्हायला हवं. मध्येच "नको" म्हणालात, तरी उपचारात फरक पडता कामा नये. आणि नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, मी रागावणार नाही. न वाचता हो म्हणणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते.

शस्त्रक्रियेनंतर पुन्हा पुन्हा रक्त का काढता, हाही ओरडा असतो. पॉइझमध्ये झटका आलेल्या ४१५ जणांपैकी सुमारे ६५ टक्क्यांना छातीत दुखणं वगैरे काहीच जाणवलं नव्हतं, आणि चारातले तीन झटके पहिल्या ४८ तासांत आले. वेदनाशामकांच्या गुंगीत पेशंट कळ सांगत नाही. ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या पदार्थाची, तपासणी सांगते.

शेवटचं, फोनचं. तिसाव्या दिवशी पेशंट कसा आहे हे कळलं नाही, तर आधीची सगळी मेहनत अर्धवट राहते. गळीत हंगामात बीडकडून आलेली ऊसतोड माणसं पट्टा पडला, हंगाम संपला की परत जातात आणि नंबर बंद होतो. पावसाळ्यात पंचगंगेला पाणी आलं की तपासणीला येणंच होत नाही. हरवलेली माणसं बरी आहेत असं धरलं, तर निकाल खोटा गोड होतो, कारण जे दगावले त्यांच्या घरून फोन उचलला जाण्याची शक्यता सगळ्यात कमी. म्हणून फॉर्मवर दोन नंबर द्या, एक स्वतःचा आणि एक गावाकडे राहणाऱ्या कोणाचा तरी. आणि महिन्याने आमच्या सिस्टरांचा फोन आला तर उचला. वाईट बातमी असली तरी सांगा.