पुढचं पान झाकून

भित्र्या माणसाला भयकथेचा जेवढा नाद असतो, तेवढा धीट माणसाला नसतो. सदाशिव पेठेतल्या आमच्या ग्रंथालयातली नारायण धारपांची पुस्तकं बघा. पुठ्ठ्याची बांधणी, मऊ पडलेले कोपरे, आणि एका ऐन रंगात आलेल्या प्रकरणाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं : ‘रात्री वाचू नये.’ त्याखाली वेगळ्या अक्षरात : ‘वाचलं.’

धारप-मतकरींवर वाढल्यामुळे शब्दांतल्या भीतीशी कसं वागायचं ते मला ठाऊक आहे. पुढे काहीतरी वाईट आहे असा वास आला की डोळे बारीक करायचे, ओळी पळवायच्या आणि परिच्छेद संपला की साळसूदपणे पुन्हा नीट वाचायला लागायचं. गद्यात ही चोरी खपून जाते. न वाचलेली ओळ घाबरवू शकत नाही.

ग्राफिक नॉव्हेलमध्ये, म्हणजे चित्रांतून सांगितलेल्या कादंबरीत, मात्र पंचाईत. अख्खं पान एकदम डोळ्यांत शिरतं. पहिल्या चौकटीत नायक अजून कडी काढतोय आणि खालच्या कोपऱ्यातलं दाराआडचं ध्यान आपण केव्हाच पाहून बसलोय! म्हणून मी अर्धं पान तळहातानं झाकून वाचतो. भाची खो-खो हसते. मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथांच्या, नादाला तिनंच मला लावलं. “मामा, शेवटाकडून उघड, आणि उजवीकडून डावीकडे वाच.” भयकथा चितारणारा जुंजी इतो हे तिचं दैवत. ही मंडळी वाचकाला पुरती ओळखून असतात. डाव्या पानाच्या तळाशी नुसता एक चेहरा, डोळे विस्फारलेले. तो काय बघतोय, ते मागच्या बाजूला. म्हणजे आपल्यात आणि त्या भयंकर गोष्टीत एकच कागद, आणि तोही आपल्याच हातानं उलटायचा.

इतोनं मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ही चितारली आहे. २०१९ साली तिला दुसऱ्या माध्यमातून केलेल्या उत्तम रूपांतराचा आयस्नर, हा कॉमिक्समधला मानाचा पुरस्कार मिळाला. चित्रं जबरदस्त आहेत, वाद नाही. पण १८१८ची मूळ कादंबरी आधी वाचली असेल तर जरा चुटपुट लागते. शेलीबाईंनी त्या प्राण्याचं रूप थोडक्यात उरकलंय : पिवळट कातडी, काळेभोर केस, मोत्यासारखे दात. बोलायला मात्र त्याला प्रकरणंच्या प्रकरणं दिली आहेत. कवी मिल्टन वाचलेला तो प्राणी इतकं मुद्देसूद बोलतो की आपण कधी त्याच्या बाजूचे झालो, ते कळतही नाही. चित्रातल्या फुग्यात एवढं मावायचं कसं? शिवाय तिथे चेहरा कायम समोर. कादंबरीतला आंधळा म्हातारा त्याच्याशी माणसासारखा वागतो, कारण त्याला दिसत नाही. गद्य वाचताना आपण सगळे तो म्हातारा असतो.

पुणेकराला तर ही सवय जुनीच. नारायणरावांचा खून १७७३चा, पण शनिवारवाड्यात अजून ‘काका, मला वाचवा’ ऐकू येतं म्हणतात. ऐकूच येतं, दिसल्याचं कुणी सांगत नाही.

पण भीतीच्या बाबतीत चित्र शब्दापेक्षा उणं असा शिक्का मारावा, तर अमेरिकन भयकथाकार लव्हक्राफ्ट आडवा येतो. त्याच्या १९२७च्या ‘द कलर आउट ऑफ स्पेस’मध्ये आकाशातून पडलेल्या दगडाबरोबर एक रंग येतो, पृथ्वीवरच्या कुठल्याच रंगाशी न जुळणारा. आता काढा! २०१९च्या चित्रपटात त्यासाठी गुलाबी-जांभळा वापरलाय. मला तो लग्नाच्या मांडवातला वाटला. गोउ तानाबे या चित्रकाराचा मांगा काळा-पांढरा. पानावर रंगच नाही, तेव्हा तो कुठला ते ज्याचं त्यानं ठरवावं. सगळं वर्णन वाचूनही मी एवढा अस्वस्थ झालो नव्हतो, जेवढा त्या राखाडी झाडांनी केला.

धारपांनी स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वरून ‘लुचाई’ लिहिली आणि अमेरिकेतलं भय आपल्या मातीत रुजवलं. मग धारपांच्याच कथा कुणी चित्रात का आणू नयेत? भाची म्हणते, पहिली प्रत माझी. माझी हरकत नाही, फक्त अटी आहेत. काळ्या-पांढऱ्यातच करा. वाडा, माडीचा जिना, कोनाड्यातली चिमणी, सगळं निगुतीनं काढा. माडीवर जे काही बसलंय, ते पान उलटल्याशिवाय दाखवू नका. आणि कृपा करून कागद जाड वापरा. मागचं चित्र आरपार दिसायला लागलं तर मी झाकू तरी काय काय?